चपटं माणिक

माझ्या पापणीच्या केसावर आमच्या अख्ख्या प्रयोगशाळेचं नाव उभं आहे, असं म्हटलं तर लोकांना वाटेल बाई फुशारकी मारतेय. मारत नाही. काडीच्या टोकाला गोंदाने पापणीचा एक केस चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत त्या केसाने माणकाचा कण उचलायचा. कण इतका बारीक की शिंक आली तर गेलाच. सुईने उचलायला गेलं की उडतो, चिमट्याने धरला की निसटतो. केसाला मात्र मुकाट चिकटतो. सव्वीस वर्षांत माझे किती केस या कामी आले ते देव जाणे. नवरा म्हणतो, उगाच नाटक, आता त्यासाठी यंत्रं मिळतात. मिळतात ना. आमच्याकडेही एक आणलं होतं. ते कपाटात आहे.

काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. टोकाशी सपाट घासलेले दोन हिरे, समोरासमोर. मध्ये पोलादाची पातळ चकती, तिला केसाच्या जाडीच्या तिप्पट एवढंसं भोक. त्या भोकात ज्या स्फटिकाचा अभ्यास करायचा त्याचा तुकडा, त्याच्या बाजूला माणकाचा कण आणि वर तेलाचा थेंब. मग वरचा हिरा बसवायचा आणि चार स्क्रू पाव पाव फेऱ्याने आवळत जायचं. सगळं मिळून मुठीत मावेल एवढं, पण आत दाब चढतो तो आपल्या डोक्यावरच्या हवेच्या लाखपट. याला आम्ही नुसतं सेल म्हणतो.

आता आत दाब किती, हे कळणार कसं? तिथे काटा बसवता येत नाही. म्हणून माणिक. त्याच्यावर हिरवा लेझर टाकला की ते लाल उजळतं आणि दाब वाढेल तसा तो लाल रंग थोडा थोडा सरकत जातो. किती सरकला ते मोजलं की दाब कळला. शेजारच्या स्फटिकाचा उजेड दाबाखाली कसा बदलतो, कोणत्या रंगाकडे जातो, कधी विझतो, हा आमचा अभ्यास. पण कोणत्या दाबाला विझला, ते माणिक सांगणार. माणिक खोटं बोललं की सगळंच खोटं.

आणि ते कधी खोटं बोलतं तेही मला माहीत आहे. स्क्रू आवळता आवळता चकती पातळ होते, दोन हिरे जवळ येतात आणि माणिक जरा मोठं असलं तर दोघांच्या मध्ये सापडतं. मग वरचा सगळा भार त्या एकट्यावर. ते बिचारं ओरडून सांगतं, दाब फार आहे, फार आहे. त्याच्यावर असतोच. शेजारच्या स्फटिकाला मात्र काही झालेलं नसतं, तो तेलात आरामात बसलेला असतो. म्हणून मी नेहमी दोन माणकं ठेवते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघांचं जुळलं तर खरं.

त्या दिवशी एकच ठेवलं.

अकरा वर्षं झाली. फिकट पिवळसर स्फटिक होता, आमच्याच भट्टीत वाढवलेला. अतिनील दिव्याखाली हिरवागार उजळायचा. दाब वाढवला की हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, आणि नऊच्या आसपास विझायचा. नऊ म्हणजे नऊ गिगापास्कल. एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या दहा हजारपट, गुणाकार तुम्ही करा. माझ्या नवऱ्याला न विझणारा स्फटिक हवा होता. प्रमुखपदाची मुलाखत दोन महिन्यांवर आली होती आणि त्याच्याकडे दाखवायला ठळक असं काही नव्हतं.

कामावर आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो, घरी अरे-तुरे. दारातून आत शिरलं की तो 'सर' आणि मी 'तुम्ही'. लग्नाआधीपासून एकाच प्रयोगशाळेत आहोत. मी आधी लागले, तंत्रज्ञ म्हणून, आणि नोकरी करता करता डॉक्टरेटला नाव नोंदवलं. तो माझ्यामागून आला. लग्न झाल्यावर म्हणाला, "आधी माझं होऊ दे, मग तुझं." त्याचं झालं. माझं 'मग' अजून चालू आहे.

तर त्या दिवशी सर म्हणाले, "एकच रूबी ठेवा. दुसरीचा लाल उजेड माझ्या स्पेक्ट्रममध्ये घुसतो, आकृती घाण होते."

मी म्हटलं, "सर, दोन असलेली बरी."

"मी सांगतोय ना?"

ठेवलं एक. पाव फेरा, वाचन. पाव फेरा, वाचन. सहा, सात, आठ. मग तेवढ्याच पाव फेऱ्याला एकदम बारा. मग पंधरा. मग एकोणीस. आणि स्फटिक नारिंगीच. फिकटसुद्धा झाला नाही. तो अहो-जाहो विसरून ओरडला, "अगं, बघ! बघ हे!" त्याने माझा खांदा इतका घट्ट धरला की संध्याकाळी तिथे वळ होता. खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला होता. त्याचा चेहरा लग्नातसुद्धा इतका उजळला नव्हता.

पण उडी खटकत होती. माणकाच्या उजेडाच्या दोन रेषा असतात, बारीक आणि वेगळ्या. त्या जाडजूड होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. मी दाखवल्या. तो म्हणाला, तेल गोठलं असेल. दुसऱ्या दिवशी मी सेल उघडला. गोल माणकाचं बटण झालं होतं, वरून सपाट, खालून सपाट. दोन्ही हिऱ्यांना टेकून त्याने रात्रभर सगळा भार वाहिला होता आणि त्याच्या जिवावर स्फटिक शेजारी मजेत उजळत होता. यात कोणाला आणखी काही दिसलं तर दिसू दे. मी तंत्रज्ञ आहे. जे दिसतं ते मी वहीत लिहिते.

वहीत लिहिलं. पान एकशे बारा, शेवटचा रकाना, शेरा: "उघडल्यावर माणिक चपटं. दोन्ही हिऱ्यांना टेकलेलं. एकोणीस धरू नये. दोन माणकं घेऊन पुन्हा करणे." खाली सही, तारीख. आणि वही उघडी नेऊन त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने चष्मा कपाळावर चढवून वाचलं. दोनदा वाचलं असणार, कारण त्याला वेळ लागला.

"पुन्हा करायला दीड महिना जाईल," तो म्हणाला. "हे पान फाड."

"फाडता येत नाही."

"का?"

"बाबांनी शिवलीय."

माझे बाबा बाइंडर होते. पुस्तकं, प्रबंध, कचेऱ्यांची रजिस्टरं, सगळं हाताने शिवायचे. आमच्या प्रयोगशाळेच्या वह्या त्यांच्याकडूनच यायच्या. पानांवर आकडे छापलेले, रकाने आखलेले, मधोमध दोऱ्याने शिवण. अशा वहीतलं एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं दुसऱ्या टोकाचं पान सुटून हातात येतं, चोरी लपत नाही. वही पहिल्यांदा आखून दिली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "तारीख, कोणी भरलं, काय भरलं, वाचन, शेरा. पाच झाले. कडेला अजून एक मावेल, काय घालू?" मी म्हटलं होतं, "नको, पुरेत." तेव्हा पुरत होते.

त्याने पान फाडलं नाही. पुन्हाही केलं नाही. एकोणीस छापून आलं, मोठ्या नियतकालिकात. प्रमुखपद मिळालं. प्रयोगशाळेतली मुलं पाठीमागे त्याला एकोणीस म्हणायला लागली आणि त्याला ते कळल्यावर रागसुद्धा आला नाही. जगभरातून पत्रं आली, आमचा स्फटिक नऊला विझतो, तुमचा कसा टिकला? तो उत्तर द्यायचा, "यात हात लागतो." कोणाचा, ते तो लिहीत नसे. लेखाच्या शेवटी एक ओळ होती, तांत्रिक साहाय्याबद्दल आभार. कोणाचे, तेही नव्हतं. तंत्रज्ञाचं नाव घालायची पद्धत नाही म्हणे.

आता मी गप्प का बसले, ते विचाराल. विचारा. घरात नवीन पडदे आले होते, तो रात्री शांत झोपत होता, आणि मला वाटलं, एक आकडा आहे, कोणाचं काय बिघडतंय. हे मी स्वतःला दहा वर्षं सांगितलं. सांगायला काही लागत नाही.

बाबांना मात्र सांगता आलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला एक फाइल बांधून दिली होती, निळ्या कापडाची, आत दोरी, आणि कव्हरवर सोनेरी ठशाने माझं नाव. माहेरचं, कारण तेव्हा लग्न कुठे झालं होतं. म्हणाले, "तुझं छापून येईल ते यात ठेवत जा. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं ठसवली, एकदा घरचं ठसवू दे." आणि मग दर भेटीत एकच प्रश्न, "छापून आलं का गं?" एकोणीसचा लेख मी त्यांना दाखवायला नेला तो मूर्खपणाच. त्यांनी पहिलं पान बघितलं. मग एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले, आभारांची ओळ बोटाने वाचली, आणि लेख मिटून माझ्या हातात दिला. "पुढच्या वेळी," म्हणाले. सहा वर्षांपूर्वी ते गेले. फाइल अजून रिकामी होती.

गेल्या वर्षी ती मुलगी आली. दुसऱ्या संस्थेतली, डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षाला. अंगाने काडी, खांद्यावर शिवण उसवलेली पिशवी. आमच्या मुलांनी तासाभरात तिचं नाव नऊ ठेवलं, कारण तिचा स्फटिक नऊला विझत होता. तिला चार वर्षांत बावीस वेळा नऊच मिळालं होतं. सरांनी तिचं तोंडभरून स्वागत केलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "हात लागतो याला. आमच्या बाईंकडे बघून शिकून घ्या." बाई म्हणजे मी.

ती दोन दिवस माझ्या शेजारी बसली. काही विचारायचं आहे हे दिसत होतं, पण ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. तेल कोणतं, चकती किती जाड, स्क्रू कुठल्या क्रमाने. तिसऱ्या दिवशी मी पापणीच्या केसाने पहिलं माणिक ठेवलं, मग दुसरं, आणि तिने विचारलं, "ताई, तुम्ही नेहमी दोन ठेवता?"

"नेहमी."

"एकोणीसच्या वेळी पण?"

मी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला नाही. तिथे डोळा असला की माणसाला उत्तर न द्यायची सवलत असते.

ती हळूच म्हणाली, "लेखातल्या आकृतीत सेलचा फोटो आहे, त्यात रूबी एकच दिसते. मी खूप मोठी करून बघितलीय."

"आकृती जुनी आहे."

"ताई, माझ्या गाइडनी लिहून दिलंय की माझे हात खराब आहेत. शब्द तसेच आहेत, हात खराब. एकोणीस एवढ्या मोठ्या माणसाचं आहे, म्हणजे चूक माझीच. या महिनाअखेरीपर्यंत मी एकोणीस दाखवलं नाही तर ते प्रबंध पुढे पाठवणार नाहीत. मुदत संपली की संपलं. चार वर्षं गेली." मग तिने दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. "तुम्ही दोन दिवस बघताय. खरंच खराब आहेत का?"

मी बघितले. बोटं स्थिर होती. उजव्या डोळ्याच्या पापणीत केसच राहिले नव्हते. काय झालं ते मला विचारावं लागलं नाही. मी ती काडी वापरते हे तिने कुठेतरी ऐकलं असणार आणि स्वतःचे सगळे केस उपटून बघितले असणार.

त्या संध्याकाळी घरी मी त्याला म्हटलं, "तिला एकशे बारा दाखवायचं."

तो जोडे काढत होता. एक पायात, एक हातात. "वेडी झालीस का?"

"तिचं नऊ बरोबर आहे. तुला माहितेय, मला माहितेय."

"मग छापू दे की तिला नऊ. मी अडवलंय?"

"तुझं एकोणीस अडवतंय. तिला सगळे खोटी म्हणतायत."

तो जोडा खाली ठेवून माझ्याजवळ आला, एकदम मऊ आवाजात, जो मला चांगला ओळखू येतो. "हे बघ. अशा चुका सगळ्यांच्या होतात. कोणी कबूल करत बसत नाही, हळूहळू लोक विसरतात. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. दोन वर्षांत मी निवृत्त होतोय."

"तिच्याकडे दोन आठवडे आहेत."

"ती तुझी कोण लागते?"

कोणी लागत नव्हती. तेच मला नीट सांगता येईना. मी म्हटलं, "तिच्या पापण्या बघ उद्या." त्याला काही कळलं नाही. आणि मी एवढंच बोलले, याचा मला आजही राग येतो. चोवीस वर्षांचं साचलेलं एका वेळी बोलता येत नाही, तोंडाशी फक्त पापण्या आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून वही काढली, एकशे बाराला उघडली आणि तिच्यापुढे ठेवून पाणी प्यायला गेले. मुद्दाम सावकाश प्यायले. परत आले तर ती वहीवर वाकून रडत होती आणि एका हाताने वही बाजूला सारत होती, पान भिजू नये म्हणून. असं रडणारी मुलगी खोटी मोजमापं करत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

"फोटो काढू?" तिने विचारलं.

"काढ. चार काढ."

पुढचं भराभर झालं. तिच्या गाइडचं पत्र, नियतकालिकाचं पत्र, मग आमच्या संस्थेची तीन जणांची समिती. नवरा घरी माझ्याशी बोलेना. पंधरा दिवस चहाचा कप टेबलावर ठेवला तर तो उचलून खिडकीत नेऊन प्यायचा. मला वाटलं, ठीक आहे, त्याचं खरं बाहेर येईल, नाचक्की होईल, मग आम्ही दोघं म्हातारपणी त्यावर भांडत बसू. एवढाच माझा अंदाज होता. मी मूर्ख नाही, पण त्याच्या बाबतीत माझं गणित नेहमी कच्चं.

समितीने मला बोलावलं ती खोली लांबट होती, पाण्याचा जग, तीन पेले, माझ्यासाठी पेला नव्हता. वही टेबलाच्या मधोमध. नवरा एका बाजूला बसलेला, दाढी गुळगुळीत, त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली, ओळखीच्या माणसासारखी.

अध्यक्षांनी विचारलं, "हा सेल कोणी भरला?"

"मी."

"एकच रूबी ठेवली?"

"हो. सरांनी सांगितलं होतं."

"वहीत तसं कुठे आहे?"

मी वही ओढून घेतली. तारीख. कोणी भरलं, माझी सही. काय भरलं, एक माणिक, एक स्फटिक, तेल. वाचन. शेरा. सगळं माझ्या अक्षरात, सुबक. कोणी सांगितलं असा रकाना नव्हता. कडेला दोन बोटं कोरा कागद होता, बाबा म्हणाले होते त्याप्रमाणे, अजून एक मावेल एवढा.

"नाही," मी म्हटलं. "पण शेरा बघा ना. मी एकोणीस धरू नका म्हणून लिहिलंय. त्याच दिवशी यांच्या टेबलावर ठेवलंय."

अध्यक्ष नवऱ्याकडे वळले. "सर, ही नोंद आपण पाहिली होती?"

तो जरा थांबला. मला अजून वाटतं की त्या थांबण्यात तो खरं बोलणार होता. मग म्हणाला, "माझ्यापर्यंत पोचली नाही. बाईंच्या हातून राहिलं असेल. फार कामं असतात त्यांना, मी त्यांना दोष देत नाही."

मी ओरडायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं, अहो, आम्ही एका घरात राहतो, एका ताटलीतली बिस्किटं खातो, हा घोरतो ते माझ्यापर्यंत पोचतं, आणि माझी नोंद याच्यापर्यंत पोचत नाही? पण मी कामावर होते. कामावर तो सर होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. तोंड मात्र माझंच माझ्या हाताने दाबलेलं होतं. मी "पोचली होती" एवढं म्हटलं आणि अध्यक्षांनी विचारलं, "पुरावा?"

त्या संध्याकाळी घराच्या दारात मी विचारलं, "का केलंस?"

"तुझं काय गेलं?" तो म्हणाला. खरोखरच समजावून सांगत होता, रागावला नव्हता. "तुझी नोकरी पक्की आहे, कोणी काढत नाही. माझं नाव गेलं तर प्रयोगशाळेचं नाव जातं, मुलांच्या शिफारशी जातात, सगळं जातं. तुझं नाव कोणाला माहीत आहे? विचार करून सांग. कोणाला?"

मी विचार केला. एक माणूस होता. तो सहा वर्षांपूर्वी गेला.

नऊला डॉक्टरेट मिळाली, आणि मी तिच्यासाठी मनापासून खूश झाले, हे आधी लिहून ठेवते. मग तिच्या प्रबंधाची प्रत आली. आभारांच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात होतं, मूळ नोंदवही मोठ्या मनाने उपलब्ध करून दिल्याबद्दल सरांची मी कायम ऋणी राहीन. खाली, शेवटच्या ओळीत, आणि प्रयोगशाळेतील ताईंचीही. तिला पुढे नोकरी शोधायची आहे, शिफारस कोणाची लागते ते तिला कळतं. मी तिला दोष देत नाही. देते. थोडा देते.

आणि गेल्या सोमवारी त्या मोठ्या नियतकालिकात दुरुस्ती आली. आठ ओळी. अमुक लेखातील एकोणीस गिगापास्कल हे मूल्य मागे घेण्यात येत आहे. सेल भरताना एकच माणिक वापरण्यात आलं आणि ते चपटं झाल्याची नोंद लेखकापर्यंत पोचली नाही. ही चूक तंत्रज्ञ श्रीमती, आणि पुढे माझं नाव. पूर्ण नाव. आभारात नाव घालायची पद्धत नाही म्हणत होते, इथे पद्धत निघाली.

नाव माहेरचं होतं. मी दोनदा वाचलं. कचेरीच्या कागदांवर मी अजून तीच आहे, लग्नाआधी लागले ना, बदलायचं राहून गेलं. त्याने ते बरोबर शोधून काढलं होतं. त्याचं आडनाव माझ्यामागे लागलं असतं तर वाचणाऱ्याला कळलं असतं की लेखक आणि तंत्रज्ञ एकाच घरात झोपतात, आणि मग ती न पोचलेली नोंद कोणाच्या घशाखाली उतरली नसती. चोवीस वर्षं मी बँकेत, दवाखान्यात, शेजारपाजारी त्याचं आडनाव लावून फिरले. दोष घ्यायच्या वेळेला त्याने मला माहेरी पोचवलं.

दुपारी तो फिरायला गेल्यावर मी ट्रंक उघडली. निळ्या कापडाची फाइल कापडाला वास लागू नये म्हणून मी कागदात गुंडाळून ठेवली होती. सोनेरी ठसा जरासुद्धा झिजला नव्हता. झिजायला ती कोणीतरी उघडावी लागते. बाबांचं काम पक्कं. मी नियतकालिकातलं ते पान पट्टी लावून कापलं, कडा सरळ केल्या, दोन भोकं पाडली आणि दोरीत ओवलं. मग फाइल मिटून कव्हर बघितलं आणि उघडून आत बघितलं. दोन्हीकडचं नाव अक्षर न् अक्षर जुळत होतं.

"आलं बाबा," मी म्हटलं, "छापून आलं."